आज्ञा कोणाची? : मराठी ख्रिस्ती आत्मकथनांतील दुर्मत आणि आज्ञापालन

१

लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र मराठीच्या अभ्यासक्रमांत मानाचे स्थान मिळवून आहे. त्याची बोलभाषा, त्यातील विनोद, स्त्रीचे भोगलेपण, एका विक्षिप्त कवीबरोबरचा संसार यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तथापि या सर्व लेखनात एक गोष्ट बहुधा बाजूला राहते. टिळकांनी ज्याच्यासाठी घर, जात आणि गोत यांवर पाणी सोडले तो ख्रिस्त समीक्षेत फारसा येत नाही. आला तरी चरित्रातील एक घटना म्हणून येतो, संहितेचे अंतर्गत तत्त्व म्हणून येत नाही. पंडिता रमाबाईंच्या बाबतीत हे अधिकच घडते. सुधारक रमाबाई, विदुषी रमाबाई, बंडखोर रमाबाई आपल्याला परिचित आहेत. देवाची आज्ञा मानू पाहणारी रमाबाई मात्र मंडळीच्या भक्तिपर चरित्रांकडे सोपवून आपण मोकळे होतो.

या वाटणीत दोन्हीकडच्या वाचनांचे नुकसान झाले आहे. धर्मनिरपेक्ष समीक्षेने या माणसांच्या आज्ञापालनाचे भाषांतर 'विद्रोह' असे केले आणि ज्याची आज्ञा पाळली गेली त्याला वगळले. भक्तिपर चरित्रांनी आज्ञापालन तेवढे ठेवले आणि त्यासाठी माणसांच्या ज्या आज्ञा मोडाव्या लागल्या त्यांना सौम्य करून टाकले. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे आहे की, मराठी ख्रिस्ती आत्मकथनाचे वाङ्मयीन सामर्थ्य या दोन क्रियांच्या एकत्वात आहे. येथे अवज्ञा हे आज्ञापालनाचेच दुसरे अंग आहे. आणि खोटी शिकवण कोणती हा प्रश्न या संहितांत अखेर मताच्या पातळीवर सुटत नाही, तो आचरणाच्या पातळीवर सुटतो.

ख्रिस्ती परंपरेत या दोन कल्पनांचा सांधा फार जुना आहे. मत्तयच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय, म्हणजे डोंगरावरील प्रवचनाचा शेवटचा भाग, या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. तेथे प्रथम मेंढराच्या वेषात येणाऱ्या खोट्या संदेष्ट्यांविषयी सावधगिरीची सूचना येते. त्यांना ओळखण्याची खूण त्यांच्या मतांत सांगितलेली नाही. झाड जसे फळावरून ओळखावे तसे त्यांना ओळखावे, असे सांगितले आहे. त्याला लागूनच दुसरे विधान येते : मुखाने 'प्रभू' म्हणणे पुरेसे नाही, पित्याच्या इच्छेप्रमाणे वागणे आवश्यक आहे. ज्यांनी त्या नावाने भविष्ये सांगितली आणि अद्भुते केली तेही अखेरीस परके ठरू शकतात. शेवटी खडकावरचे घर आणि वाळूवरचे घर यांचा दृष्टान्त येतो, आणि दोहोंतील फरक ऐकून करणारा व ऐकून न करणारा एवढाच आहे. म्हणजे या क्रमानुसार खोटी शिकवण हे केवळ खोटे विधान नव्हे. बिनचूक विधानही आज्ञाभंग करणाऱ्याच्या मुखी खोटे ठरते.

मराठी वाचकाला ही कसोटी परकी वाटत नाही. बोलणे आणि चालणे यांचा मेळ ही आपल्या संतांचीच कसोटी आहे, आणि 'पाखंड' हा शब्द वारकरी परंपरेने वेद न मानणाऱ्यासाठी जसा वापरला तसा दांभिकासाठीही वापरला. परंतु चर्च ही संस्था झाली की दुसरी कसोटी पुढे येते : विश्वासांगीकारातील प्रत्येक कलम तुला मान्य आहे काय? फळाची कसोटी आणि कलमाची कसोटी यांतील ताण हा प्रस्तुत आत्मकथनांचा खरा विषय आहे.

२

बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांच्या 'अरुणोदय' या आत्मचरित्रात हा ताण अद्याप एकाच दिशेचा आहे. बेळगावच्या कासार कुटुंबातला हा मुलगा मुंबईत मिशनच्या शाळेत शिकतो, परमहंस सभेत जातो आणि १८५४ साली बाप्तिस्मा घेतो. 'अरुणोदय' या शीर्षकातच त्याची रचना सांगून टाकलेली आहे. अंधार मागे, उजेड पुढे. बालपणीची व्रते, नवस, मूर्तिपूजा हे सारे खोट्या शिकवणीच्या खात्यात जमा होते, आणि निवेदक उजेडात उभा राहून मागे पाहतो.

या पुस्तकातील सर्वांत जिवंत भाग मूर्तिपूजेच्या खंडनाचा नाही. तो आहे परमहंस सभेच्या संदर्भातला. सभासदांना जातिभेद खोटा आहे हे पटलेले होते, एकत्र बसून ते जातीचे निर्बंध मोडीतही होते, पण हे सारे बंद दाराआड. घरी परतल्यावर प्रत्येक जण आपापल्या जातीत परतत असे. येथे पदमनजींसमोर जो प्रश्न उभा राहतो तो मताचा नाही. सभेचे मत बरोबरच होते. प्रश्न असा की, जे पटले ते न करणाऱ्या माणसाचे पटणे खरे मानावे काय? डोंगरावरील प्रवचनातील कसोटी येथे मराठी सुशिक्षितांच्या पहिल्या पिढीला लावली गेली आहे, आणि ती पिढी तीत उणी पडते. पदमनजी स्वतःलाही त्यातून वगळत नाहीत. मनाने पटणे आणि उघडपणे बाप्तिस्मा घेणे यांमधला काळ, आईवडिलांची माया, बिरादरीची भीती हे त्यांनी नोंदवले आहे. वडिलांची आज्ञा आणि देवाची आज्ञा यांतील हा संघर्ष मराठी गद्यात इतक्या स्पष्टपणे प्रथमच मांडला गेला असावा.

मात्र सूर्योदय झाल्यावर 'अरुणोदय'मधील प्रश्न संपतो. खोटी शिकवण मागे राहिली ती कायमची. ती पुढेही, मंडळीच्या आतही भेटू शकते ही शक्यता या रचनेत मावत नाही. प्रबोधनाचे रूपक आणि आत्मपरीक्षण यांची सांगड घालताना पदमनजींनी रूपकाला झुकते माप दिले. म्हणून हे पुस्तक इतिहासाला मोलाचे साधन वाटते, पण त्याचा उत्तरार्ध वाङ्मय म्हणून पूर्वार्धाइतका पकड घेत नाही.

३

ही राहिलेली शक्यता पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) वाट्याला आली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे रमाबाई आणि त्यांची लहान मुलगी मनोरमा यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत त्यांचा आणि त्यांची धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांचा जो पत्रव्यवहार झाला तो इंग्रजीत आहे. परंतु मराठी आत्मकथनाच्या कोणत्याही विचारात तो टाळता येणार नाही. अ. भि. शहा यांनी संपादित केलेला हा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ साली प्रसिद्ध केला.

वादाचे विषय वरवर पाहता ईश्वरविद्येचे आहेत : त्रैक्य, कुमारीपासून जन्म, अथेनेशियन विश्वासांगीकार. पवित्र शास्त्रात स्वतःला जे स्पष्ट दिसते तेवढेच मानीन, ही रमाबाईंची भूमिका. चर्चने शतकानुशतके जे ठरवले आहे ते नम्रपणे स्वीकारणे हेच आज्ञापालन, ही सिस्टर जेराल्डिन यांची भूमिका. त्याच वेळी दुसराही वाद चालू होता. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात रमाबाई असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे काय, या प्रश्नात हिंदुस्थानातील बिशपांनी लक्ष घातले आणि ते अनुचित ठरवले. कोणत्या भाषेतील अक्षरे क्रुसावर असावीत हाही प्रश्न निघाला. लॅटिन आपल्या स्त्रियांना परकी आहे, संस्कृत का नको, असा रमाबाईंचा सवाल होता. म्हणजे 'दुर्मत' या एका शब्दाच्या छत्राखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी आणल्या गेल्या होत्या : मतातील भेद, स्त्रीने पाळावयाची मर्यादा आणि जित देशातल्या माणसाने दाखवावयाची नम्रता. या तिन्ही ठिकाणी जेराल्डिनबाईंचे निदान एकच होते, अहंकार.

गौरी विश्वनाथन यांनी १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या धर्मांतरविषयक ग्रंथात या पत्रव्यवहाराचे वाचन वसाहतवादी सत्तेविरुद्धचे मतस्वातंत्र्य या अंगाने केले आहे. ते वाचन समर्थ आहे. चर्चच्या आज्ञेत साम्राज्याची आज्ञा मिसळलेली होती, हे त्यातून स्पष्ट होते. पण रमाबाईंची स्वतःची परिभाषा विचारात घेतली तर हे वाचन अपुरे वाटू लागते. 'मी स्वतंत्र आहे, म्हणून मला वाटेल ते मानीन' असा युक्तिवाद त्या करीत नाहीत. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा आहे की, त्यांना सदसद्विवेकबुद्धी देवाने दिली आहे, पुरोहितांच्या एका जुवातून मोठ्या कष्टाने त्या सुटल्या आहेत, आता देवाचे वचन म्हणून माणसांच्या आज्ञेचे दुसरे जू त्या मानेवर घेणार नाहीत. येथे स्वातंत्र्य हे साध्य नाही, ते आज्ञापालनाची पूर्वअट आहे. ज्याची मान दुसऱ्या कोणाच्या जुवाखाली आहे तो देवाची आज्ञा पाळूच शकत नाही, असा हा विचार आहे. त्याला केवळ विद्रोह म्हटले की त्यातला निम्मा भाग नाहीसा होतो.

या संग्रहाच्या रचनेकडेही पाहिले पाहिजे. ही पत्रे जतन केली, पुढे अनेक वर्षांनी त्यांची जुळणी केली आणि त्यांना खुलासे जोडले ते सिस्टर जेराल्डिन यांनीच. म्हणजे आरोपीचे म्हणणे फिर्यादीच्या दप्तरातून आपल्यापर्यंत पोहोचले आहे. जेराल्डिनबाईंचे श्रेय असे की, त्यांनी आपल्याविरुद्ध जाणारी पत्रेही नष्ट केली नाहीत. वाचकाला मात्र दोन आवाज एकाच वेळी ऐकावे लागतात : पत्रातला तरुण, धारदार, नुकत्याच शिकलेल्या इंग्रजीत अडखळत पण न वाकणारा आवाज आणि खुलाशातला वृद्ध, दुखावलेला, अजूनही आपलेच खरे मानणारा आवाज. दोघींच्याही आवाजात माया आहे. दोघींनाही देवाचीच आज्ञा पाळावयाची आहे. या पत्रव्यवहाराची शोकात्मता तेथे आहे, आणि खलनायक शोधणाऱ्या वाचनाला ती दिसत नाही.

रमाबाईंच्या पुढील आयुष्याने हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा केला. १८८९ साली शारदा सदन, पुढे केडगावचे मुक्ती मिशन, दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली आणि स्त्रिया. फळाची कसोटी लावायची तर याहून मोठे फळ एकोणिसाव्या शतकाच्या महाराष्ट्रात शोधावे लागेल. पण उत्तरायुष्यात त्यांनी केलेल्या बायबलच्या भाषांतरात वेगळीच एक दक्षता दिसते. हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत त्यांनी ते केले. हे संपूर्ण भाषांतर त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली बाहेर आले. जुन्या धर्मकल्पना चिकटलेले शब्द त्यात शक्यतो येऊ द्यायचे नाहीत, अशी त्यांची दृष्टी होती. ज्यांनी एकेकाळी क्रुसावर संस्कृत अक्षरे मागितली त्यांनाच आता संस्कृत शब्दाच्या पोटात दुर्मत लपलेले दिसू लागले. या बदलाला पराभव म्हणणे सोपे आहे. माणसांच्या आज्ञांपासून देवाचे वचन वेगळे काढण्याचा जो प्रयत्न त्यांनी वाँटेजमध्ये सुरू केला तोच त्यांनी शब्दांपर्यंत नेला, असे म्हणणे अधिक न्यायाचे होईल. पण त्याची किंमत भाषेला द्यावी लागली, हेही खरे. सोळाशे सोळा साली फादर स्टीफन्स यांनी 'ख्रिस्तपुराणा'त ओवी आणि वैकुंठ यांना ज्या सहजतेने जवळ केले ती सहजता येथे नाही.

४

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी नेमकी उलट वाट धरली. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका अपरिचित गोऱ्या गृहस्थाने त्यांना नवा करार दिला, आणि वाचता वाचता ते थबकले ते डोंगरावरील प्रवचनापाशीच. म्हणजे खोटे संदेष्टे आणि आज्ञापालन यांचा उपर्युक्त सांधा टिळकांच्या धर्मांतराच्या मुळाशीच आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो ही त्यांची धारणा प्रसिद्ध आहे. अभंग हा छंद त्यांना दुर्मताचे वाहन वाटला नाही. ज्या घागरीने आजवर पाणी भरले तिच्यातच नवे पाणी भरावे, असा त्यांचा खाक्या होता. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' स्थापन केला, तेव्हा त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही ख्रिस्तशिष्यांना जागा होती. कलमाच्या कसोटीने पाहणाऱ्याला हे शिथिल वाटेल. फळाच्या कसोटीने पाहणाऱ्याला ते डोंगरावरील प्रवचनाशी सुसंगत वाटेल.

परंतु टिळकांचे आज्ञापालन आपण वाचतो ते त्यांच्या लेखणीतून नव्हे, लक्ष्मीबाईंच्या. येथेच 'स्मृतिचित्रे' (१९३४–३७) या संहितेचे वेगळेपण आहे. आज्ञापालनाची किंमत कोण देतो हा प्रश्न पदमनजींनी आणि रमाबाईंनी स्वतःपुरता विचारला. लक्ष्मीबाई तो स्वयंपाकघरातून विचारतात.

'स्मृतिचित्रे'चा आरंभ वडिलांच्या सोवळ्याने होतो हे रचनेच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. सारे काही धुऊन घेणारे, घरातील बायकामुलांना त्या धुण्यात पिळून काढणारे ते सोवळे वाचकाला हसवते. पण त्या हसण्यामागे एक निदान आहे. वडील दुष्ट नाहीत, लबाडही नाहीत. ते कडकडीत आज्ञाधारक आहेत. फक्त ज्या आज्ञेला ते बांधलेले आहेत तिचे फळ म्हणजे भेदरलेले घर. खोटी शिकवण प्रामाणिक माणसाच्या हातून किती छळ करू शकते याचे इतके बिनबोभाट चित्र मराठीत दुर्मीळ आहे, आणि त्यात 'पाखंड', 'अंधश्रद्धा' असा एकही ठपका नाही.

हीच नजर पुढे टिळकांवर वळते. टिळक देवाच्या आज्ञेने चालणारे, म्हणजे हातात येईल ते देऊन टाकणारे, उद्याची चिंता न करणारे, क्षणात संतापणारे आणि क्षणात विरघळणारे. डोंगरावरील प्रवचनात उद्याची चिंता करू नये असे सांगितले आहे खरे, पण उद्याच्या पिठाची चिंता कोणीतरी करावीच लागते. ते करणारी बाई हे पुस्तक सांगते आहे. ती टिळकांची थोरवी नाकारत नाही आणि हिशेबही सोडत नाही. भक्तिपर चरित्रात जे 'समर्पण' म्हणून एका वाक्यात आटोपले असते ते येथे रिकाम्या डब्यासह येते. त्यामुळे समर्पणाला कमीपणा येत नाही, त्याला वजन येते.

लक्ष्मीबाईंच्या स्वतःच्या परिवर्तनाचे निवेदन तर या सर्व परंपरेत एकमेव आहे. नवऱ्याने धर्म बदलल्यावर त्या कित्येक वर्षे वेगळ्या राहिल्या, पुढे एकत्र आल्या तरी आपले सोवळेओवळे सांभाळीत होत्या. टिळकांनी त्यांच्यावर बाप्तिस्म्याची सक्ती केली नाही. एवढ्यातेवढ्यावरून खवळणारा हा माणूस नेमका या एका बाबतीत थांबून राहिला. जातिभेद देवाने केलेला नाही, माणसांनी केलेला आहे, ही जाणीव लक्ष्मीबाईंना कोणा उपदेशकाच्या प्रवचनातून झाली नाही. ती एकट्याने विचार करता करता झाली. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या निवेदनात पदमनजींचा सूर्योदय नाही आणि रमाबाईंचा युक्तिवादही नाही. एका जन्माची सवय हळूहळू गळून पडते आहे आणि बाई स्वतःच तिच्याकडे कौतुकाने पाहते आहे, एवढेच. पतीची आज्ञा म्हणून धर्म बदलणे हे त्या काळी सर्वांत सोपे आणि सर्वांना समजण्यासारखे होते. त्यांनी ते केले नाही, आणि म्हणूनच त्यांचे आज्ञापालन देवाचे ठरते.

५

येथे एक आक्षेप उभा राहतो, आणि तो टाळू नये. प्रत्येकाची सदसद्विवेकबुद्धी हीच अखेरची कसोटी मानली, तर खोटी शिकवण ओळखायची कशी? उद्या कोणीही उठेल, आपल्याला देवाची आज्ञा झाली असे म्हणेल आणि भोळ्या माणसांना मागे ओढील. हा आक्षेप काल्पनिक नाही. सर्वच धर्मांत स्वतःला देवाचा मुखत्यार म्हणवणारे आणि अनुयायांकडून संपूर्ण आज्ञाधारकता मागणारे लोक आपण पाहतो. सिस्टर जेराल्डिन यांची भीती अगदीच निराधार नव्हती.

प्रस्तुत संहितांतून याचे जे उत्तर मिळते ते सूत्ररूपाने सांगता येईल. जो स्वतः आज्ञा पाळण्याची किंमत देतो त्याचे म्हणणे ऐकावे, जो ती किंमत दुसऱ्यांकडून वसूल करतो त्याच्यापासून सावध राहावे. रमाबाईंनी वाँटेजचा आश्रय पणाला लावला. टिळकांनी पगार सोडला, आणि त्याची झळ घराला लागली हे सांगायला त्यांच्याच घरातली साक्षीदार होती. खोटा संदेष्टा आपल्या घरात असा साक्षीदार राहू देत नाही. 'स्मृतिचित्रे' लिहिले जाऊ शकले हीच टिळकांच्या शिकवणीच्या बाजूची मोठी साक्ष आहे.

या कसोटीचे एक उदाहरण आपल्या खानदेशाशी निगडित आहे. १९०७ साली जळगावला पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले. धरणगावचा त्र्यंबक बापूजी ठोमरे हा पोरसवदा मुलगा तेथे अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांच्या तोंडून 'बालकवी' झाला. पुढे काही काळ तो अहमदनगरला टिळकांच्या घरी राहिला. 'स्मृतिचित्रे'तील ठोमरे हे त्या घरातले लाडके, हट्टी पोर आहे. टिळक हे धर्मोपदेशक. आत्मे मिळवणे हे त्यांचे काम. घरात एक प्रतिभावान, हळवा, टिळकांना वडिलांसारखे मानणारा ब्राह्मण मुलगा. तरीही ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली त्याचा अंत झाला तेव्हा तो हिंदूच होता. कलमाच्या कसोटीने ही टिळकांच्या आज्ञापालनातील कसूर ठरेल. पण लक्ष्मीबाईंसाठी जो माणूस थांबला तोच ठोमऱ्यांसाठीही थांबला, आणि त्या घराच्या सावलीत मराठी कवितेतले एक कोवळे झाड वाढले. फळ कोणाच्या नावावर मांडायचे हा प्रश्न त्या घराने विचारला नाही.

धुळे-नंदुरबारकडच्या आदिवासी पट्ट्यात विसाव्या शतकाच्या आरंभापासून स्कँडिनेव्हियन मिशनांनी काम केले, आणि तेथे मंडळ्या उभ्या राहिल्या. उपासनेत उभे राहून आपले आयुष्य कसे बदलले हे चार वाक्यांत सांगण्याची 'साक्ष' ही पद्धत मंडळ्यांत रूढ आहे. सोडलेली दारू, मिटलेले भांडण, फेडलेले कर्ज असा तिचा आशय असतो. त्रैक्याची मीमांसा तीत नसते, फळांची यादी असते. 'अरुणोदय', रमाबाईंची पत्रे आणि 'स्मृतिचित्रे' यांचे मौखिक मूळ याच रूपात आहे, असे मानायला जागा आहे. आपल्या विद्यापीठांनी लोककथा आणि ओव्या गोळा केल्या, ही साक्ष मात्र धर्मप्रचार समजून सोडून दिली. ती अहिराणीत, भिलीत, मावचीत ऐकली आणि नोंदवली गेली पाहिजे. ती नोंदवताना बोलणाऱ्याचा देव वगळण्याचा आपला जुना शिरस्ता मात्र मोडावा लागेल. साक्षीदाराला 'काय सोडलेस?' एवढेच विचारून भागणार नाही. 'कोणाच्या सांगण्यावरून सोडलेस?' हेही विचारावे लागेल, आणि तो जे उत्तर देईल ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे लागेल.